कौल मागणारं गाव

खालच्या मजल्यावरच्या आजींच्या स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याला टेकून, एक पातळशी निळी पुस्तिका उभी असते. कॉफीचं पाणी उकळेपर्यंत त्या ती उघडतात, त्या दिवसाची दोन वाक्यं वाचतात आणि पुन्हा डब्याला टेकवून ठेवतात. ड्रेस्डेनला राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मला वाटायचं, आई जशी कालनिर्णयात संकष्टी कधी ते बघते, तसलंच काहीतरी असणार. मग एकदा विचारलंच.

"ही वाक्यं कुणी निवडलेली नसतात," आजी म्हणाल्या. "चिठ्ठ्या टाकून काढलेली असतात. तीन वर्षं आधी."

म्हटलं, म्हणजे कौल!

आता कौल हा शब्द जर्मनमध्ये कसा सांगायचा? आमच्या रत्नागिरीकडच्या गावात गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात, उजवी पडते की डावी. विहीर कुठे खणायची, आलेलं स्थळ पुढे न्यायचं का, सगळं तिथे ठरायचं. माझ्या आजोबांनी गिरणीतली नोकरी सोडून गावी परत यायचं का, यासाठीही कौल लावला होता. डावा आला. आजोबा तरी परत आले.

"मग देवी रागावली?" आजींनी विचारलं.

"देवीचं माहीत नाही. माझी आजी रागावली."

त्या इतक्या हसल्या की कॉफी सांडली. मग म्हणाल्या, "शनिवारी मोकळ्या आहात? माझ्या गावी चला. आमच्याकडे कौल चिनी मातीच्या वाडग्यातून निघतो."

वाडग्याचं त्यांनी गमतीत सांगितलं असेल. पण चिठ्ठ्यांचं खरं होतं.

गावाचं नाव हेर्नहूट. सॅक्सनीच्या पार पूर्वेला, ओबरलाउझित्स नावाच्या लवणा-टेकड्यांच्या मुलखात, जिथून पोलंडही जवळ आणि चेक देशही. रेल्वेगाडी आता तिथे थांबत नाही. ल्योबाऊला उतरायचं आणि बस धरायची. आजूबाजूच्या वाड्या धरूनही वस्ती सहा हजारांच्या आसपास. बस चौकात थांबते तेव्हा समोर एक मोठी, पिवळसर, उंच छपराची इमारत दिसते. नगरपालिका असेल असं मला वाटलं. तेच चर्च होतं.

या गावाचा जन्मदिवस नेमका माहीत आहे, ही एक नवलाची गोष्ट. आपल्याकडे गाव किती जुनं विचारलं की "पांडवांच्या वेळचं" इथून सुरुवात होते. इथे १७ जून १७२२ या दिवशी ख्रिस्टियान दाविद नावाच्या सुताराने पहिलं झाड तोडलं. तो आणि त्याच्याबरोबरची मोजकी कुटुंबं मोराव्हियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, रातोरात सीमा ओलांडून आलेली. यान हुस या चेक धर्मसुधारकाला १४१५ साली जिवंत जाळलं, त्याच्या विचाराची माणसं १४५७ साली एकत्र येऊन 'बंधूंचा संघ' म्हणवू लागली. पुढे तीस वर्षांच्या युद्धात त्यांचा पाडाव झाला आणि त्या मुलखात कॅथलिक राजवटीने प्रोटेस्टंटांना उघडपणे जगणं अशक्य करून टाकलं. उरलेसुरले शंभर वर्षं घराच्या आत, दारं लावून, आपली गाणी म्हणत राहिले. त्यांच्यातल्या काहींना ख्रिस्टियान दाविदने निरोप दिला, की सॅक्सनीत एक तरुण काउंट जागा देतो आहे.

तो काउंट म्हणजे निकोलाउस लुडविग फॉन त्सिंत्सेनडोर्फ, वय बावीस. बेर्थेल्सडोर्फची जहागीर त्याने नुकतीच आपल्या आजीकडून विकत घेतली होती. त्या आजीनेच त्याला वाढवलेलं. झाड तोडलं त्या दिवशी हा तिथे नव्हताच. त्याच्या कारभाऱ्याने पत्राने कळवलं, की हूटबेर्ग टेकडीच्या उतारावर घर उभं राहतंय. 'हूट' म्हणजे राखण. त्या शब्दावर खेळत कारभाऱ्याने लिहिलं, हे गाव परमेश्वराच्या राखणीत राहो, आणि माणसंही त्याच्यासाठी जागी राहोत. तेच नाव चिकटलं. राखणदाराच्या भरवशावर वस्ती बसवणं कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पाच वर्षांत तीनेकशे माणसं जमली, आणि ती एकमेकांशी भांडू लागली. धर्मासाठी घरदार सोडलेली माणसं भांडायला लागली की काय होतं, ते विचारू नका. प्रत्येकाने प्राण पणाला लावलेले, त्यामुळे माघार कोण घेणार? एकाने तर ज्याच्या जमिनीवर राहतोय त्या काउंटलाच बायबलातल्या श्वापदाची उपमा दिली. शेवटी त्सिंत्सेनडोर्फ स्वतः गावात येऊन राहिला, घरोघर फिरला आणि मे १७२७ मध्ये गावाचे नियम सगळ्यांकडून कबूल करून घेतले. त्या वर्षीच्या १३ ऑगस्टला बेर्थेल्सडोर्फच्या चर्चमध्ये सगळे एकत्र प्रभुभोजनाला बसले आणि बाहेर पडताना भांडण विसरले होते, असं सांगतात. तोच दिवस ही मंडळी आपला खरा जन्म मानतात. काही दिवसांतच चोवीस पुरुष आणि चोवीस बायका ठरल्या. दिवसरात्र, एकेका तासाची पाळी घेऊन, प्रार्थना अखंड चालू ठेवायची. हा पहारा शंभर वर्षांहून जास्त चालला. सप्ताहातल्या विण्यासारखा: एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, खाली ठेवायचा नाही.

आणि निळी पुस्तिका? ३ मे १७२८ च्या संध्याकाळी गाणी म्हणून झाल्यावर काउंटने दुसऱ्या दिवसासाठी एक ओळ दिली. मग रोजचीच रीत पडली: सकाळी कुणीतरी तीसेक घरांच्या दारात जाऊन त्या दिवसाची ओळ सांगायची, आणि घरात कसं काय चाललंय तेही बघून यायचं. १७३१ साठी वर्षभराच्या ओळी पहिल्यांदा छापल्या. तेव्हापासून दर वर्षी. बायबलच्या जुन्या करारातली ओळ चिठ्ठीने निघते, तिला साजेशी नव्या करारातली ओळ माणसं शोधतात. साठाहून अधिक भाषांत ती आता निघते. मला यातलं सगळ्यात आवडलं ते दारात जाणं. छापील पुस्तक आल्यावर बातमी राहिली, चौकशी गेली.

चर्चच्या आत शिरले आणि डोळे दिपले. बाहेर ढगाळ होतं, तरी. सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, बाकं पांढरी, सज्जे पांढरे. चित्र नाही, मूर्ती नाही, वेदी नाही, व्यासपीठही नाही. लांब भिंतीशी मधोमध एक साधं टेबल, त्यावर हिरवं कापड. याला ते चर्च म्हणतही नाहीत, 'साल' म्हणतात, म्हणजे नुसता दिवाणखाना. आजींनी मला डावीकडच्या बाकावर बसवलं. बाकाच्या कडेवरून मी बोट फिरवलं, तर रंगाचे थरावर थर हाताला लागले, आमच्या गावच्या शाळेतल्या खिडक्यांसारखे. पण हे थर तीनशे वर्षांचे नव्हेत. १७५६-५७ मध्ये बांधलेला मूळ 'साल' मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, गावाच्या मधल्या भागाबरोबर जळाला. भिंती उरल्या. पूर्व जर्मनीच्या टंचाईच्या दिवसांत, १९५३ पर्यंत, तो पुन्हा उभा केला. देवाला न मानणाऱ्या सरकारच्या राज्यात.

"माझ्या आईने विटा साफ केल्या होत्या," आजी म्हणाल्या. "हातोडीने चुना काढायचा, वीट सुटली की रचायची. मी लहान होते. मला वाटायचं, सगळ्या आया हेच काम करतात."

चिठ्ठीचं प्रकरण मात्र ओळींपुरतं नव्हतं. अठराव्या शतकात ही मंडळी सगळंच असं ठरवायची. कुणाला सभासद करून घ्यायचं, कुणाला कुठे पाठवायचं, आणि लग्नसुद्धा. वडीलधारे स्थळ सुचवत, मग तीन चिठ्ठ्या: एकीवर होय, एकीवर नाही, एक कोरी. कोरी निघाली तर थांबायचं. "आमच्यात गुण जुळवतात, छत्तीसपैकी," मी सांगितलं. "छत्तीस!" आजी म्हणाल्या. "आमच्याकडे तिनात भागायचं." सामान्य सभासदांच्या लग्नांसाठी ही सक्ती १८१८ च्या सभेने उठवली. कारण तरुण मंडळी ऐकेनाशी झाली होती. माझे आजोबा त्यांच्यात शोभले असते.

गाव कुटुंबांचं नव्हतंच एका अर्थी. वय, स्त्री-पुरुष आणि लग्न यांवरून गट पाडलेले. अविवाहित पुरुषांचं घर वेगळं, अविवाहित बायकांचं वेगळं, विधवांचं वेगळं. बायकांच्या पांढऱ्या टोपीची फीत बघून कळायचं: मुलींची लाल, अविवाहितेची गुलाबी, लग्न झालेलीची निळी, विधवेची पांढरी. मला पहिल्यांदा राग आला. कपाळावरच्या कुंकवाची आठवण झाली. पण विधवांच्या त्या घरात बायका आपलं कमवून, आपला कारभार आपण बघून राहायच्या. त्याच काळात आपल्याकडे पुण्यात विधवेच्या वाट्याला काय होतं ते आठवलं, आणि राग कुणाचा करावा ते कळेना. तो प्रश्न तिथेच सोडला.

दुपारी हूटबेर्गवर गेलो. इथलं कबरस्तान १७३० पासूनचं, नाव 'देवाचं शेत'. लिंडेनच्या कातरलेल्या झाडांच्या रांगा, आणि त्यांच्यामध्ये गवतात आडवे, जमिनीलगत दगड. सगळे सारखे. नाव, जन्म, मृत्यू, एखादी ओळ. सरदार असो, मोची असो, ग्रीनलंडला जाऊन आलेला असो की कधी ल्योबाऊच्या पुढे न गेलेला असो, दगड तेवढाच. घराण्याची कबर हा प्रकार नाही. नवरा एका बाजूच्या शेतात, बायको दुसऱ्या बाजूच्या; मेल्यावर ज्याचा नंबर येईल त्याच्या शेजारी पडायचं. बरेच दगड शेवाळाने इतके भरलेले की अक्षर बोटाने चाचपावं लागतं.

मात्र मधल्या वाटेवर, वर उचललेल्या, पेटीसारख्या मोठ्या कबरींची एक ओळ आहे. त्सिंत्सेनडोर्फ आणि त्याच्या जवळची माणसं. तो ९ मे १७६० ला इथेच गेला. मधली अकरा वर्षं सॅक्सनीने त्याला हद्दपार केलं होतं, सगळी संपत्ती या गावापायी गेली, हे सगळं खरं. तरी समानतेच्या शेतात काउंट मधोमध आणि हातभर उंच! मी आजींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हो, हो. सगळे हेच विचारतात."

मोठा प्रश्न मी विचारला नाही, पण तो या गावावर आहेच. १७३१ साली कोपनहेगनला राज्याभिषेकाला गेलेला काउंट अंतोन नावाच्या माणसाला भेटला. तो कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावरून, गुलामीतून आलेला. माझी बहीण तिथे आहे, तिला कुणीतरी ख्रिस्ताबद्दल सांगायला हवं, असं तो म्हणाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये लेओनहार्ड डोबर हा कुंभार आणि डाविड नीचमान हा सुतार हेर्नहूटमधून पायी निघाले. गुलामांना नावाने हाक मारणारी, लिहायला-वाचायला शिकवणारी, त्यापायी मळेवाल्यांचा मार खाणारी ही माणसं. आणि दहा वर्षांच्या आत याच मिशनने त्या बेटावर स्वतःचा मळा घेतला, त्यावरच्या गुलामांसकट. काउंटने १७३९ साली तिथे जाऊन त्यांना सांगितलं, की मालकाशी इमान राखा, कुणी राजा कुणी गुलाम ही देवाचीच योजना. इकडच्या शेतात दगड सारखे ठेवणाऱ्याच माणसाने हे सांगितलं. या दोन गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवता येतात, जोडता येत नाहीत.

दगडावर इतकं कमी लिहायचं, याचं कारण मला संध्याकाळी कळलं. या मंडळींत प्रत्येकाने हयातीत आपली जीवनकथा लिहून ठेवायची रीत आहे. साधी चार पानं, दहा पानं. कुठे जन्मलो, काय शिकलो, कधी घसरलो, देव कधी जवळ वाटला, कधी वाटला नाही. मेल्यावर, अंत्यविधीच्या वेळी, ती मोठ्याने वाचतात. शेवटचं आजारपण आणि शेवटचा दिवस तेवढा दुसरं कुणी जोडतं. गावातल्या अभिलेखागारात अशा हजारो कथा ठेवलेल्या आहेत: सुतारांच्या, दाईंच्या, स्वयंपाकिणींच्या, बेटांवरून आलेल्या माणसांच्या. त्या काळी दुसरीकडे कुठे यांचं नावही कुणी लिहून ठेवलं नसतं.

आणि इथे मला बाबा आठवले.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. तेराव्याला त्यांचे एक मित्र बोलले. "अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात." सगळे माना हलवत होते. मी विमानाने आलेली, झोप न झालेली. बसल्या बसल्या मनात हिशेब करत होते, की बाबा चिपळूणला बदलीवर होते ते कोणत्या साली, आणि तबला त्यांनी का सोडला. मला माहीत नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "आता काय करायचंय ते?" अध्यात ना मध्यात असा माणूस कधी नसतोच. बाबा तर कायम मध्यातच असायचे.

हे मी आजींना बसमध्ये सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

आता एक मोज्यांची गोष्ट. गावातल्या संग्रहालयात, १८७८ सालच्या, मिशनऱ्यांनी जगभरातून आणलेल्या वस्तू आहेत. एका कपाटापाशी हिमालयाच्या वस्तू बघताना मला केलाँगचं नाव दिसलं आणि मी आजींचा हात धरला. केलाँग! मनालीहून लेहला जाणारी मराठी माणसं तिथे रात्रीचा मुक्काम करतात, पिठलं-भात मिळेल का विचारतात आणि रंगीत नक्षीचे लोकरी मोजे घेतात. मीही घेतले होते, दोन जोड. पागेल आणि हायडे हे दोन हेर्नहूटी १८५३ साली मंगोलियाला जायला निघाले, वाट मिळाली नाही, म्हणून लाहौलमध्ये केलाँगला थांबले. हायडेची बायको मारिया. जन्म सुरिनाममध्ये, मिशनऱ्यांच्याच घरी. लहानपणीच शिकायला जर्मनीला धाडलेली. १८५९ साली, जवळपास अनोळखी असलेल्या माणसाशी लग्न करायला, हिमालयात पोचलेली. लाहौली बायकांना मोजे विणायला तिने शिकवलं. बटाटाही या मंडळींनीच त्या खोऱ्यात रुजवला. त्या मोज्यांना आता भौगोलिक मानांकन मिळालंय.

हेर्नहूटलाच जन्मलेला आणि हेर्नहूटलाच वारलेला याश्के त्याच केलाँगला राहून तिबेटी भाषेचा कोश करून गेला. लेहचा त्यांचा डॉक्टर १८९१ च्या साथीत मेला, त्याचं नाव कार्ल मार्क्स. तो नव्हे, दुसरा. पूर्व जर्मनीत वाढलेल्या आजींना हे सांगताना अजूनही हसू येतं.

पण मारियाचं मला राहून राहून वाटलं. जिला सातेक वर्षांची असताना आईपासून तोडून समुद्रापार पाठवलं, तिची स्वतःची मुलंही तशीच केलाँगहून जर्मनीला गेली. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी क्लाइनवेल्काला शाळा होती. तशी रीतच होती. पत्रं यायला महिने. रोहतांग बर्फाने बंद झाला की तीही नाहीत. मोजे विणायला शिकवणाऱ्या बाईच्या हातात तेव्हा कोणाच्या मापाचे मोजे असतील?

जाता जाता चौकातल्या दुकानात पंचवीस टोकांचा कागदी तारा घेतला. नाताळाआधी अर्ध्या जर्मनीच्या खिडक्यांत लटकतो तोच. एकोणिसाव्या शतकात याच मंडळींच्या नीस्की गावच्या वसतिगृहातल्या शाळेत भूमिती शिकवताना जन्मला: सतरा टोकं चौकोनी बुडाची, आठ त्रिकोणी. अठरावा चौकोन टांगायला मोकळा. आपला आकाशकंदील जोडणाऱ्याला हे लगेच कळेल. मला जोडायला तरी पावणेदोन तास लागले. दुकानातल्या बाई म्हणाल्या, जुलै २०२४ मध्ये गाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि ती सभा तुमच्या दिल्लीत भरली होती. जणू सही मीच केली होती.

घरी परतल्यावर आजींनी कपाटातून एक खाकी फोल्डर काढला. त्यांची जीवनकथा. अकरा पानं झाली आहेत, १९८९ वर अडली आहे. "त्या वर्षी मी एक गोष्ट केली, ती लिहायची की नाही ते ठरत नाहीये," म्हणाल्या. मी म्हटलं, कौल लावू या? त्यांनी फोल्डर मिटला आणि कॉफीचं पाणी ठेवलं.

त्या रात्री आईला फोन केला. म्हटलं, एक वही घे आणि तुझं लिही. बाबांचं राहिलं, तुझं तरी. ती म्हणाली, माझ्यात काय लिहायचंय, आणि शेजारच्यांच्या पाण्याच्या मोटरचं सांगत बसली. पुढे आठवडाभर मी विषय काढला नाही.

काल व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो आला. जुन्या डायरीचं पान, तारीख खोडलेली. वर श्री. खाली:

"माझा जन्म मालगुंड येथे मामांकडे झाला. चौथीत असताना मी एकदा घरातून पळून गणपतीपुळ्यापर्यंत चालत गेले होते. हे कुणालाच माहीत नाही, तुझ्या बाबांनाही नव्हते. पळून जाण्याचे कारण असे की"

आणि त्याखाली, वेगळ्या पेनने: "पुढचे उद्या. गॅसवाला आलाय."